निनाद घ्यावा की नको

७ एप्रिल २०२५, सोमवार

बाजार आपटला. सव्वानऊला उघडला आणि आपटलाच. अमेरिकेने सगळ्या जगावर टॅरिफ लावलं, म्हणून इथे चारकोपला आमच्या शेजारचे सहदेव परब सकाळपासून 'अरे देवा, अरे देवा' करतायत. भिंतीला भिंत, सगळं ऐकू येतं. स्वतः एक शेअर घेत नाहीत. पण बाजाराचं चॅनल दिवसभर फुल आवाजात. फुकटचं टेन्शन!

माझा काय संबंध? आहे संबंध. ९ जूनला एफडी संपते. नऊ लाख. टेलिफोन खात्यातून व्हीआरएस घेतली, त्यातून घराचं कर्ज फिटलं, नवऱ्याचं, अंबादासचं, आजारपण झालं, ते गेले, आणि हे उरले. पेन्शनवर घर चालतं. पण एकगठ्ठा म्हणावं तर एवढेच.

विशाल म्हणतो, "मम्मी, त्यातले चार लाख निनादमध्ये टाक."

निनाद म्हणजे मोबाइलवाल्यांतली तिसरी कंपनी. पहिल्या दोघी गब्बर, ही कर्जात गळ्यापर्यंत. विशाल तिच्याच बोरिवलीच्या दुकानात नोकरीला, सहा वर्षं झाली. शेअर एकेकाळी शंभराच्या वर होता. गेल्या आठवड्यात अकरा. आज नऊ ऐंशी.

८ एप्रिल

जेवताना परत तोच विषय.

"बाजार पडतो ना, तेव्हाच घ्यायचं असतं मम्मी."

म्हटलं, पडलेलं सगळंच उचलायचं नसतं रे. लेक, दर्शना, हसली. विशाल नाही हसला.

त्याचे स्वतःचे अडीच लाख आहेत आत. आधी अठराला घेतले. मग चौदाला. मग अकराला. 'ॲव्हरेज करतोय' म्हणतो. लग्नाचं बघू का विचारलं की म्हणतो, वीसला जाऊ दे, मग बघ. बत्तीस वर्षांचा झाला. मुलगी शेअरच्या भावावर थांबत नाही, हे कोणी सांगावं त्याला? मी सांगितलं. ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

९ एप्रिल

रिझर्व्ह बँकेने पाव टक्का कापला. बँकेत जाऊन आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "जूनमध्ये रेट अजून खाली येईल, आजी." आजी! अठ्ठावन्न वय माझं. सीनियर सिटिझनचा अर्धा टक्का मात्र द्यायला तयार नाही. त्याला साठ लागतात म्हणे.

१४ एप्रिल

जयंती. बाजार बंद, बँक बंद, सहदेवांचा टीव्हीसुद्धा बंद. विहारात वंदना झाली. मुलांनी निळे झेंडे लावून सेक्टर सजवलाय, झकास दिसतोय. कोपऱ्यावर सरबताचा स्टॉल. विशाल पांढरा शर्ट घालून ग्लास भरत होता. आणि टेबलाच्या एका कडेला त्याने निनादची छत्री आणि सिमकार्डं मांडलेली! आजच्या दिवशीही टार्गेट.

त्याच्या शाळेतला एक मित्र आला, जयभीम घातला, सरबत प्याला, छत्रीकडे बघून म्हणाला, "अरे अजून चालू आहे का तुमची कंपनी?"

सगळे हसले. विशालही हसला. मी लांब उभी होते. त्याचं ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

१६ एप्रिल

सुगंधाला फोन केला, मुलुंडला. एकशे सत्त्याण्णववर, खात्याच्या नंबर-चौकशीला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, वीस वर्षं. तिने मुलाकरवी पहिल्या नंबरवाल्या कंपनीचे शेअर घेतलेत. म्हणाली, "शके, महाग पडले पण झोप लागते गं." मी विचारलं, आणि निनाद? म्हणाली, "ते तर मी फुकट दिलं तरी घेणार नाही."

तिचा मुलगा निनादमध्ये नोकरीला नाही. म्हणून बोलता येतं.

१७ एप्रिल

विचार केला. चॅनलवाले म्हणतात वाट लागली. विशाल म्हणतो उठणार. सहदेवांनी तर जिन्यात गाठून सांगितलं, "शकुताय, सरकार तेका बुडाक देवचा नाय!" प्रत्येकाचं तोंड आहे, प्रत्येकजण बोलतो. आकडा कोणाकडे आहे?

मला एक मार्ग दिसतो. एकतीस वर्षं एकशे सत्त्याण्णववर काढली. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायचे. पहिले आकडे ऐकले की एक्स्चेंज कळायचं — हा घाटकोपर, हा देवनार, हा मालाड. मोबाइल आले तेव्हाही तेच. पहिले चार आकडे ऐकून कंपनी ओळखायची, यावर सुगंधाशी माझी पैज लागायची. वडापाव कायम तिच्याकडून वसूल.

माझी फोनची जुनी वही काढली. निनादच्या सिरीजचे नंबर शोधले. बरोबर साठ भरले. एकेक लावून बघायचा. वाजला म्हणजे गिऱ्हाईक जिवंत. नाही वाजला तर गेलं. कोट्यवधींचे आकडे त्यांना लखलाभ. माझे साठ मला पुरे.

१९ एप्रिल

रविवार सोडून रोज दहा लावायचे, सकाळी अकरा ते बारा. तीनच शेरे — वाजला, बंद, अस्तित्वात नाही.

आज दहातले आठ वाजले. जुन्या सोसायटीचा प्लंबर म्हणाला, "ताई, गळती कुठेय?" कुठेच नाही म्हटलं तर चिडला. खारदांड्याची हौसा कोळीण, पूर्वी घरी मासे आणायची, ती म्हणाली, "गो बाय, जिवंत हाय तू?" म्हटलं, तेच मी तुझं तपासतेय.

२२ एप्रिल

दहातले सात. टेलर आपटेंचा फोन त्यांच्या सुनेने उचलला. ते दोन वर्षांपूर्वी गेले. नंबर चालू आहे, सून वापरते. 'वाजला' लिहिलं. वाईट वाटलं, पण शेरा तोच.

२५ एप्रिल

आजच्या दहात अंबादासचाही नंबर होता. चार वर्षं झाली जाऊन. दर अठ्ठावीस दिवसांनी मी त्यात रिचार्ज मारते. का मारते, ते या वहीनेही विचारू नये. लावला. आतल्या खोलीत ड्रॉवरमध्ये वाजला.

वाजला.

२७ एप्रिल, रविवार

तपासणी पूर्ण. साठातले चव्वेचाळीस वाजले. शंभरात त्र्याहत्तर! कोण म्हणतं कंपनी मेली?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, माहीत आहे मला. खात्यात असतानाच सुरू झालं ते. पण कोण एवढी कटकट करतंय! मेसेज करा, कोड आणा, आधार न्या, दुकानात उभे राहा. आपले लोक फाटकं पायपुसणं बदलत नाहीत, कंपनी कुठे बदलतायत?

रात्री विशालला सांगितलं. एफडी सुटली की चार लाख निनादमध्ये. तपासणीचं सांगितलं नाही. माझं मला असू दे.

त्याने जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासलं. मग माझंही घासलं. दहावीच्या रिझल्टनंतर पहिल्यांदा.

७ मे

पहाटे बातमी. सीमेपलीकडे हल्ले केले. दुपारी भोंग्याची तालीम झाली. खालची पोरं 'परत वाजवा, परत वाजवा' ओरडत होती.

९ मे

बाजार खाली. निनाद आठ नव्वद. विशाल म्हणाला, "अजून स्वस्त मिळेल मम्मी, आपल्या फायद्याचंच आहे."

तिकडे माणसं मरतायत आणि आम्ही इथे स्वस्त-महाग करतोय. लिहिताना लाज वाटली. तरी लिहिलं, कारण मीही सकाळी उठल्या उठल्या भावच बघितला होता.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. बँक बंद, बाजार चालू. लढाई थांबली म्हणून बाजार तीन हजार पॉइंट उसळला. विहारात खीर. सहदेवांना डबा भरून दिला. डबा घेताना विचारलं त्यांनी, "निनाद किती वाढलो?" चाळीस पैसे, म्हटलं. "बघा! मी सांगितलंय नाय!" म्हणाले. चाळीस पैशांत माणूस किती खूश होतो.

२० मे

निनादच्या सरकारी थकबाकीची कोर्टात तारीख होती. पुढची तारीख मिळाली.

२८ मे

वाट लागली.

सुगंधाचा फोन आला होता. बोलता बोलता तपासणीचं सांगून टाकलं. फुशारकी मारायची खाज, दुसरं काय! साठातले चव्वेचाळीस, म्हटलं. तिने विचारलं, "त्यात माझा पण नंबर होता?" होता ना, तूच तर उचललास गेल्या महिन्यात, तब्येत विचारायला केला होता ना मी.

ती हसायलाच लागली. हसते कसली, खोकायला लागली.

"शके, अगं मी निनाद सोडून आठ वर्षं झाली! नंबर तोच ठेवला. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी सोडली. दुकानवाला पोरगा घरी आला, पाच मिनिटांत अंगठा घेऊन गेला, वर एक स्टीलचा डबा दिला. एकशे सत्त्याण्णवची राणी तू, आणि पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी ओळखतेस अजून?"

फोन ठेवला. कानाला अजून गरम लागतंय.

वाजला म्हणजे माणूस जिवंत. कंपनी कुठली ते कुठे कळतं त्यातून? सातवीतल्या मुलालाही कळलं असतं. मला नाही कळलं, कारण मला जास्त येत होतं! माझ्या डोक्यात दोन हजार सालची मुंबई आहे, आणि त्या मुंबईला विचारून मी चार लाख टाकायला निघाले होते.

२९ मे

दर्शनाला सांगितलं. अंधेरीच्या लॅबमधून दमून आली होती, पण हसली नाही. तिचा हा गुण चांगला. म्हणाली, "दाखवते." मोबाइलवर रिचार्जचं अ‍ॅप उघडलं. नंबर टाकला की पैसे भरायच्या आधी कंपनीचं नाव आपोआप येतं. सुगंधाचा टाकला. पहिल्या नंबरवाली. आपटेंच्या सुनेचा टाकला. दुसऱ्या नंबरवाली.

"फोन लावायची पण गरज नाही मम्मी."

एकतीस वर्षांच्या नोकरीचं काम एका बोटावर आलं.

३१ मे

वाजलेले चव्वेचाळीस परत तपासले. निनादचे निघाले नऊ.

त्यातले एक अंबादास. म्हणजे आठ.

१ जून

दुपारी अंबादासच्या ड्रॉवरसमोर बसले होते. निनादवाले कुठेतरी सांगत असतील, आमचे इतके कोटी चालू ग्राहक. त्यात एक हा धरलाय. दर महिन्याला पैसे भरतो, तक्रार करत नाही, रेंज नाही म्हणून ओरडत नाही. असे अजून किती असतील त्यांच्याकडे?

विशालला काय सांगू? त्या दिवशीचं सरबत आठवतं. सगळे हसले, तोही हसला. मी 'नाही' म्हटलं की मीही त्याच लाइनीत जाऊन उभी राहणार.

६ जून

रिझर्व्ह बँकेने एकदम अर्धा टक्का कापला. म्हणजे एफडीवर अजून कमी. सरकार म्हणतं खर्च करा, बँक म्हणते आमच्याकडे नका ठेवू, मुलगा म्हणतो निनाद घे. सगळीकडून ढकलतायत. निनाद आठ साठ.

८ जून, रविवार

मटण केलं. विशालला आवडतं म्हणून. मग जेवायच्या आधीच सांगितलं, चूक झाली. जेवल्यावर सांगायला हवं होतं.

तपासणीचं सगळं सांगितलं. साठ, चव्वेचाळीस, नऊ. अंबादासचंही. म्हटलं, मी नाही टाकत. आणि जमत असेल तर तूही काढ, जे मिळतील ते.

त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "मम्मी, तुला काय वाटतं, मला माहीत नाही? रोज दुकानात बसतो मी. सोडून जाणाऱ्यांचे मेसेज माझ्याच स्क्रीनवर येतात."

"मग का घेतलेस रे?"

"मग काय करू? तिथेच नोकरी करायची आणि तिलाच शिव्या घालायच्या? दुनिया हसतेच. आता तू पण मोजून-बिजून हस."

उठला. चप्पल घातली, गेला. मटण तसंच.

दर्शना म्हणाली, "त्याला तुझे पैसे नको होते गं. तुझा 'हो' हवा होता."

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण 'हो' चार लाखांचा होता. नऊ तर नऊच आहेत, आई आहे म्हणून चव्वेचाळीस कसे म्हणू? राग आला मला. त्याचा, माझा, निनादचा. आणि रडूही आलं, लिहायचंच तर ते पण लिहिते.

९ जून

बँक. एफडी रिन्यू केली. नऊच्या नऊ लाख. साडेसहा टक्के. मुलीने आजही आजी म्हटलं. सोडून दिलं.

विशाल बोलत नाही. डबा घेऊन गेला, एवढंच.

१० जून

दिवसभर एकच विचार. पैसे देत नाही, ते पक्कं. पण मग देण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

माझा नंबर आहे. खात्याचा. स्टाफसाठी निवडायला मिळाले तेव्हा मी शेवटचे आकडे एक-नऊ-सात मागून घेतले होते. एकवीस वर्षं तोच. रेंज गेली, लोक हसले, दर्शनाने दहा वेळा सांगितलं, तरी दुसरीकडे नेला नाही. बँक, पेन्शन, गॅस, विहाराची कमिटी, सगळं त्याच नंबरवर. सुगंधा म्हणते, शकूला जाळतील पण हा नंबर जाणार नाही.

तो निनादला द्यायचा. विशालच्या दुकानात जाऊन, त्याच्याच काउंटरवर. शेअर घेणारे हजार मिळतील त्याला. नंबर घेऊन येणारं कोणी येत नाही. नवाचे दहा होतील. अंबादास सोडून नऊ.

मेसेज केला. पाच मिनिटांत कोड आला. चार दिवस चालतो. ज्या कटकटीचा मी एवढा बाऊ केला होता, ती एवढीच. दर्शनाला सांगितलं नाही. अडवेल.

११ जून, बुधवार

बोरिवलीला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. विशालच्या समोर आधार ठेवलं, कोड दाखवला. म्हटलं, घे. माझा नंबर तुमच्याकडे घे.

त्याने नंबर वाचला. दोनदा वाचला. डोळे भरून आले त्याचे, मला वाटलं खुशीने. मग आधार उचललं, माझ्या पर्समध्ये परत ठेवलं, आणि चेन स्वतः लावली.

"नको मम्मी. कंपनी बंद पडली तर तुझा नंबर जाईल."

मग हळू आवाजात विचारलं, "एफडी सगळ्या नऊची केलीस ना?"